पाणी किती दिवस थांबतं?

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कडेचं जुनवानी आता कॉलेजं आणि कॉलन्यांनी भरून गेलं आहे. पश्चिमेला शिवनाथ नदीकडे नजर टाकली तर मुलूख सगळा सपाट. पण दुर्ग-रायपूर पट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्याच्या लेखी हा सपाट मुलूख चार मजली आहे! सगळ्यात वर भाठा, त्याखाली मटासी, मग डोरसा आणि तळाला कन्हार. अगदी नदीकाठचा गाळाचा पट्टा तो कछार.

ही नुसती मातीच्या रंगांची नावं असती, तर नवल नव्हतं. नवल हे, की चारही माती बऱ्याचदा एकाच गावच्या शिवारात, एकाच उतारावर, ठरलेल्या क्रमाने भेटतात. तो उतारही असा, की चालताना पायांना कळू नये. पाण्याला मात्र तो कळतो.

इथे वर्षाला सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. हजारो वर्षं हे पाणी उंचवट्यावरचे विरघळणारे क्षार आणि उचलता येतील ते बारीक कण खाली नेत आलं आहे. लोह सहसा विरघळत नाही. ते वरच राहिलं आणि त्याच्या गाठी झाल्या. म्हणून भाठा तांबडा, खडेमुरमाचा. खाली कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साचत गेलं आणि त्यातून स्मेक्टाइट नावाची, पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती तयार झाली. ती कन्हार. मधली पिवळसर मटासी आणि तिच्याहून गडद डोरसा हे या प्रवासातले टप्पे.

मे महिन्यात कन्हारात उभं राहिलं, तर हात सहज आत जाईल एवढ्या भेगा दिसतात. पाऊस सुरू झाला की पाणी आधी या भेगांतून सरळ खोल उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि तीच जमीन पाणी धरून बसते. पाय टाकावा तर चपलेला शेरभर चिखल. त्याच पावसाचं भाठ्यावर काय होतं? थोडं वाहून जातं, थोडं खड्यांतून झिरपतं, आणि सर ओसरल्यावर थोड्याच वेळात तिथे कोरड्या पायांनी फिरता येतं.

उतारावरच्या या क्रमाला शास्त्रात नाव मिळालं 1935 साली. पूर्व आफ्रिकेत मृदासर्वेक्षण करणाऱ्या जेफ्री मिल्न यांनी टेकडीच्या माथ्यापासून दरीपर्यंत पुन्हापुन्हा तोच क्रम पाहिला आणि त्याला ‘कॅटेना’, म्हणजे साखळी, म्हटलं. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातले संशोधक भाठ्याला एंटिसॉल, मटासीला इन्सेप्टिसॉल, डोरशाला अल्फिसॉल आणि कन्हाराला व्हर्टिसॉल म्हणतात. पण शेतकऱ्यासाठी लिहिताना गावचीच नावं वापरतात.

यातलं कन्हार तर राज्याची सीमाही मानत नाही. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातही कन्हार आहे. त्याच्या सोबतीला सिहार, मोरंड, खरडी आणि बरडी. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून हा सगळा मुलूख एकाच कारभाराखाली होता आणि 1956 पर्यंत दुर्गची राजधानीही नागपूरच होती. गोव्यात गेलं तर हीच उतरंड मोरड, खेर आणि खाजन अशी भेटते: वर डोंगरउताराची जमीन, मध्ये पाण्याची सोय असलेली, तळाला भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली.

छत्तीसगडच्या चार नावांत मोजलेली खरी गोष्ट म्हणजे वेळ: पाऊस थांबल्यावर पाणी किती दिवस थांबतं? भाठा लवकर सुकतो, म्हणून तिथे कोदो-कुटकी किंवा गुरांची चराई. मटासीत लवकर येणारं धान, कारण ऑक्टोबरात पाऊस माघारी फिरला की तिची ओल फार टिकत नाही. कन्हारात उशिरा पिकणारं धान निभावतं. शिवाय कापणीच्या आधीच, उभ्या धानात, लाखोळी या कडधान्याचं बी फोकतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. राहिलेल्या ओलीवर ती उगवते आणि हिवाळ्यात दुसरं पीक हाती येतं. या पद्धतीला तिकडे ‘उतेरा’ म्हणतात.

भाठ्यावर एखाद्या पिकाचा हिशेब मांडायला गेलं तर हाती फारसं लागत नाही, म्हणून कागदावर तो सहज पडीक ठरतो. पण त्याच्यावरून ओघळलेलं पाणीच खालच्या बांध्यांत मुरतं. भाठा काँक्रीटखाली गेला की तेच पाणी झिरपण्याऐवजी एकदम खाली धावतं.

प्लॉट घेताना आपण रस्त्याची रुंदी आणि दिशा विचारतो. जमीन भाठ्याची की कन्हाराची, हे कोणी विचारत नाही. काळ्या मातीचं फुगणं-आकसणं मात्र घराखालीही चालूच राहतं. पाया तिच्या हालचालीच्या पट्ट्याखाली नेला नसेल, तर दोन-चार उन्हाळ्यांत भिंतीवर तिरप्या भेगा उमटतात. मग दुरुस्तीला आलेला इंजिनिअर जो पहिला प्रश्न विचारतो, तो शेतकऱ्याचाच असतो: इथे पाणी किती दिवस थांबतं?