कपाळावरची राख

राखेच्या बुधवारी आपल्या देवळांतून सकाळच्या मिस्साला चांगली गर्दी असते. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळी लावतात आणि मंडळी बाहेर पडतात. देवळाच्या फाटकापाशी येईपर्यंत पुष्कळांच्या खिशातील रुमाल बाहेर निघालेला असतो. कचेरीच्या पायरीवर पाऊल पडते तेव्हा कपाळ स्वच्छ असते. ज्यांना पुसायचे सुचले नाही त्यांना दुपारपर्यंत कोणी तरी विचारतोच, "अहो, कपाळाला काय लागले आहे?" उत्तर मिळते, "काही नाही हो, सकाळी चर्चला गेलो होतो." आणि बोलणे महागाईभत्त्याकडे वळते.

त्याच कचेरीत पलीकडच्या मेजावर बुक्का लावलेले एखादे माळकरी गृहस्थ बसलेले असतात. आषाढात रजा मागताना ते साहेबांना सरळ सांगतात, "पंढरीला जायचे आहे." परत आले म्हणजे चुरमुऱ्यांचा प्रसाद सर्वांच्या हातावर ठेवतात. त्यांना संकोच वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही आपल्यावर कसले आक्रमण झाले असे वाटत नाही. मराठी माणसांत देवाचे बोलणे हे चारचौघांतले बोलणे आहे. ओटीवर, पाणवठ्यावर, आगगाडीच्या डब्यात ते सहज निघते. आपणच तेवढे मुके का?

कोणी म्हणेल, त्याच बुधवारी वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात प्रभूने उपवास करणाऱ्यास तोंड धुण्यास सांगितले आहे. मग राख पुसली तर बिघडले कोठे? आक्षेप मार्मिक आहे. परंतु तेथे प्रभू निषेध करतो तो आपल्या पुण्याचे प्रदर्शन मांडण्याचा. कोणी आपण होऊन विचारले असता "काही नाही" म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. राख पुसा वा ठेवा, आमचे म्हणणे त्या दोन शब्दांविषयी आहे.

हे दोन शब्द फार जुने आहेत. पेत्र प्रभूला नाकारतो तो प्रसंग आपण दरवर्षी उत्तम शुक्रवारी ऐकतो. तथापि तो कोठे घडला हे आपण नीट ध्यानात घेत नाही. पेत्राला कोणत्याही न्यायसभेपुढे उभे केले नव्हते. थंडीची रात्र होती, अंगणात शेकोटी होती, आणि प्रश्न विचारणारी एक दासी होती. म्हणजे ते रोजच्यासारखेच बोलणे होते. त्याच्या गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखले होते, तरी तो नाही नाही म्हणत राहिला. पुढे ज्या पत्रावर पेत्राचे नाव आहे त्यात, आपल्या आशेविषयी कोणी विचारल्यास उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, आणि ते उत्तर सौम्यपणे द्यावे, असा उपदेश आला आहे. ती शेकोटी त्याच्या मनातून गेली नसावी, असे आम्हांला वाटते.

आपल्या मौनाला आजकाल भीतीचेही कारण आहे, आणि ती भीती अगदीच निराधार नाही. मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मांतरविषयक कायदा झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. गुजरातेत तसा कायदा २००३ साली झाला. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील आपल्या कुटुंबांना हे सांगायला नको. परंतु कायदा काय म्हणतो हेही माहीत असावे. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर वादविवाद झाला, तेव्हा 'प्रचार' हा शब्द गाळावा असे म्हणणारे सभासद होते. कन्हैयालाल मुनशी यांनी मात्र तो ठेवण्याचा पुरस्कार केला आणि तो राहिला. तेच आजचे २५ वे कलम. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क या शब्दात येत नाही असा निर्णय दिला. त्याच निर्णयात, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून त्यांचा प्रसार करणे या शब्दात येते, असेही म्हटले आहे. शेजाऱ्याने विचारले असता आपण उपवासकाळ का पाळतो हे सांगणे म्हणजे धर्मांतर नव्हे. अनोळखी प्रवाशाला गाठून त्याच्या हाती पत्रक कोंबणारे उत्साही लोक आम्हांलाही आवडत नाहीत. पण त्यांच्या अतिरेकाचे निमित्त करून आपण घरातल्या घरातही गप्प बसावे, हे काही पटत नाही.

शब्दांची अडचण मात्र खरी आहे. आपल्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या लॅटिन, पोर्तुगीज नाही तर इंग्रजी भाषेत चालल्या. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान जाहीर केले, तेव्हापासून मिस्साचा मार्ग लोकभाषांना मोकळा झाला. पण देवळातली मराठी देवळातच राहिली. 'तारण', 'कृपा', 'पुनरुत्थान' हे शब्द आपण वेदीसमोर म्हणतो आणि जोड्यांबरोबर दाराशी... नव्हे, जोडे तेवढे परत घालतो, शब्द मागे ठेवतो.

येथे साष्टीचे स्मरण होते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले; ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या ओव्या अकरा हजारांच्या आसपास आहेत. हा ग्रंथ का झाला? आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्यासारखे काही आम्हांला आमच्या भाषेत द्या, अशी मागणी एका ख्रिस्ती श्रोत्याने केली, असे ग्रंथाच्या आरंभीच आले आहे. त्या काळी गोव्यात धर्माच्या नावावर सक्तीही झाली, हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्या श्रोत्याचा प्रश्न लक्षात घ्यावा. त्याला श्रद्धा बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी, चारचौघांत बसून गाण्यासाठी हवी होती. ते काम पाद्रींचे आहे, आपण फक्त माना डोलवायच्या, असे त्याने म्हटले नाही. १९६५ सालच्या परिषदेच्या आदेशपत्राने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी पुढे जे सांगितले त्याचे बीज या माणसाच्या मागणीत होतेच.

आपले मौन सर्वांत अधिक बोचते ते मृत्यूच्या घरी. आपल्याच धर्मग्रामातील घरी आपण भेटीला जातो, खुर्ची ओढून बसतो, आणि म्हणतो, "धीर धरा. दैवापुढे इलाज नाही." दैव! रविवारी पुनरुत्थानावरील विश्वास मोठ्याने प्रकट करणारी जीभ सोमवारी त्या विधवेपुढे दैवाचे नाव घेते. तिला तत्त्वज्ञान नको असते हे खरे, पण "आपण त्यांच्यासाठी एक रोझरी म्हणू या का?" एवढे विचारायलाही आपण धजत नाही, आणि ती मात्र कोणी तरी विचारील म्हणून वाट पाहत असते. पुष्कळ नवरा-बायको वर्षानुवर्षे एका बाकावर बसून मिस्सा ऐकतात. घरी येताना प्रवचनातील ध्वनिक्षेपकाची खरखर तेवढी चर्चेला येते.

२ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. दफनभूमीच्या कुंपणाबाहेरून जाणारा एखादा शेजारी थबकतो व विचारतो, "आज काय आहे हो?" त्याला सांगावे, "आमची गेलेली माणसे पुन्हा उठतील असा आमचा विश्वास आहे. तोवर आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो." बहुधा तो लगेच जाणार नाही. तो विचारील, "मग यांत तुमचे कोण आहे?"