बोकडाच्या मांडीतली पपई

आमच्या आजीच्या लेखी मटण दोनच प्रकारचं: शिजलेलं आणि वातड. वातड निघालं तर दोष खाटकाचा. तशी वेळ येऊ नये म्हणून परसातल्या झाडाची हिरवी पपई हाताशी असायची; सालासकट फोड वाटून मटणाला चोळली की झालं. ही फोड नेमकं करते काय, हा प्रश्न मला पंचवीस वर्षं चावतो आहे.

बोकड कोवळा असावा, मांडीपेक्षा चापा लवकर शिजतात, हे वाचकांना सांगायला नको. थेट १८७३ सालात जाऊ. त्या वर्षी कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात जी. सी. रॉय यांचा लेख आला. विषय: पपईचा रस नत्रयुक्त अन्न, म्हणजे मांसासारखे पदार्थ, कसे विरघळवतो. चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट कुणीतरी तपासायला घेतली होती. पुढे १८७९मध्ये वुर्त्स आणि बुशू या फ्रेंच जोडीने चिकातलं ते द्रव्य अर्धवट शुद्ध केलं आणि त्याला ‘पपेन’ म्हटलं. बारशाला मान नाव ठेवणाऱ्या आत्याचा, हे खरं. पण रॉय यांना पाहुण्यांच्या पंगतीतही कुणी बसवलं नाही, हे मला खटकतं.

खरी गंमत त्यानंतरची. १९६४मध्ये गॉर्डन गुरॉफ यांना उंदराच्या मेंदूत एक विकर सापडलं. ते प्रथिनं तोडायचं, पण कॅल्शियम मिळालं तरच. स्नायूंतही तेच निघालं. मग प्रत्येक प्रयोगशाळेने आपापलं नाव चालवलं; जुने निबंध वाचताना एकाच इसमाची पाच टोपणनावं वाचल्यासारखं होतं. १९८१मध्ये जपानच्या मुराची यांनी ‘कॅलपेन’ हे नाव सुचवलं. ‘कॅल’ कॅल्शियमचं, ‘पेन’ पपेनचं. १९८४मध्ये जपानी संशोधकांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा तोडणारा भाग खरोखरच पपेनच्या गोतातला निघाला! आजीची पपई बोकडाच्या मांडीत आधीपासूनच होती.

जनावर कापल्यावर स्नायूतली ऊर्जा संपते, ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठरतं. इकडे पेशीत कॅल्शियम सुटतं, कॅलपेन जागं होतं. ते ॲक्टिन-मायोसिनला फारसं शिवत नाही. तंतू जागच्या जागी धरून ठेवणारी डेस्मिन, टायटिन ही प्रथिनं कापतं. मोळीतली लाकडं शाबूत, दोर तेवढा तुटला. पपेनला मात्र असा विवेक नाही. फोड जास्त झाली की मटणाचा लगदा!

कॅलपेनवर पहाराही असतो, कॅलपास्टॅटिनचा. अमेरिकेत ओक्लाहोमात १९८३मध्ये ‘सॉलिड गोल्ड’ नावाचा भरदार पुठ्ठ्यांचा एडका जन्मला. त्याच्या वंशातल्या तशाच भरदार मेंढरांच्या स्नायूंत हा पहारेकरी फार, म्हणून पाठीचं मांस वातड. दिसायला भरलेलं जनावर खायला चांगलंच असतं असं नाही.

बोकडाची अडचण वेगळी. त्याची चरबी आतड्या-गुर्द्यांभोवती साठते, कातडीखाली पातळ थर. त्यामुळे शीतगृहात धड झपाट्याने गार होतं. न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३मध्ये गोमांसावर दाखवलं, की ताठरण्याआधीच गार केलेला स्नायू आखडतो. १५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी, शून्याजवळ फार. आखडलेलं मांस शिजूनही वातडच राहतं. पातळ चरबीच्या बोकडाला हा धोका अधिक.

मीही वर्षानुवर्षं रविवारचं गरम मटण आणून थेट फ्रीजरमध्ये कोंबलं आणि खाटकाला बोल लावले. तुम्ही तसं करू नका. आणलंत तर लगेच चुलीवर चढवा. उद्यावर ठेवायचं असेल तर मांडी हाडासकट अखंड घ्या, म्हणजे स्नायूला आखडायला वाव कमी. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि तुकडे सकाळी करा. पपई लागलीच तर नखाएवढी.