देठाजवळच्या जागेसाठी दोन दिवसांची झुंज

मावा म्हणजे मुकाट रस शोषणारी कीड, असं तुम्हाला वाटतं? मग अमेरिकेतल्या यूटामधले कॉटनवुड बघा. वसंतात पालवी फुटली की पेम्फिगस माव्याच्या माद्या पानाच्या देठाजवळच्या जागेसाठी एकमेकींना लाथा मारतात, ढकलतात. कधीकधी तब्बल दोन दिवस! टॉमस व्हिटम यांनी १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. अंगकाठी मिलिमीटरहूनही कमी, पण जिद्द बघा.

भांडण काही मिलिमीटरचंच. पण पानातला रस ये-जा करतो तो देठातूनच. मोठ्या पानावर, देठाशी गाठ करून राहिलेली मादी नराशिवायच जास्त पिल्लं देते. हरलेली टोकाकडे सरकते किंवा लहान पान शोधते. तिथे पिल्लं कमी, मरण जास्त. शिवाय गाठ फक्त कोवळ्या पानावरच धरते, आणि झुंज चालू असताना पान वाढतच असतं.