झटापट थांबली, पण श्वास चालू आहे ना?

सारंगखेड्याची यात्रा असो की काठीची होळी, गर्दीत कोणी अनावर झाला की पोलिसांना त्याला आवरावेच लागते. तीन-चार जण मिळून त्याला पालथा पाडतात, हात मागे बांधतात. थोड्या वेळाने तो शांत होतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. डॉक्टरांना काळजी वाटते ती नेमकी या क्षणाची.

श्वास घेताना छाती फुगावी लागते, पोट पुढे यावे लागते. पालथ्या माणसाच्या पाठीवर गुडघा असेल तर दोन्ही अडते. त्यातच झटापटीमुळे शरीराला जास्त प्राणवायू हवा असतो. गुदमरणारा माणूस सुटण्यासाठी आणखी धडपडतो. पाहणाऱ्याला तो विरोध वाटतो आणि दाब वाढतो.

25 मे 2020 रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसांनी सुमारे साडेनऊ मिनिटे असेच दाबून धरले. श्वास घेता येत नाही, असे ते वारंवार सांगत होते. बोलता येते म्हणजे श्वास ठीक आहे, हा समज किती फसवा आहे, ते फुफ्फुसतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी खटल्यात समजावून सांगितले. शवविच्छेदनात हृदयविकार, अमली पदार्थ आणि फ्लॉइड सिकलसेलचे वाहक असल्याचीही नोंद होती. पण अशा दाबाखाली निरोगी माणूसही दगावला असता, असे टोबिन यांनी सांगितले.

यातली सिकलसेलची नोंद आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची आहे. इथल्या भिल्ल, पावरा समाजांत हा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. वाहक एरवी ठणठणीत असतात. पण ऊन, तहान आणि अतिश्रम एकत्र आले तर क्वचित त्यांची प्रकृती अचानक ढासळते. प्रत्यक्ष रुग्णाला तर तहान, थंडी किंवा ताणानेही असह्य वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून सिकलसेल ही मृत्यूनंतर पुढे करायची सबब नाही, आधीच सावध होण्याचे कारण आहे.

हात बांधून झाले की माणसाला लगेच कुशीवर वळवावे किंवा बसवावे. मानेवर, पाठीवर भार ठेवू नये. एकाने फक्त त्याच्या श्वासाकडे आणि चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, अंग तापणे, असंबद्ध बोलणे किंवा एकाएकी गप्प होणे, यातले काहीही दिसले तर 108 ला फोन करावा. श्वास थांबला तर बेड्या काढून उताणे झोपवावे आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावेत. ‘प्यायलाय’ किंवा ‘नाटक करतोय’ असे ठरवण्याची घाई नको. रक्तातली साखर उतरलेला, फीट येऊन गेलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच दिसतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 46 नुसार पळून जाऊ नये इतकाच अटकाव करता येतो. कलम 53 अटकेनंतर वैद्यकीय तपासणी सांगते, तर कलम 56 कोठडीतील व्यक्तीच्या आरोग्याची जबाबदारी ताबा असणाऱ्यावर टाकते. ही तपासणी केवळ कागद भरण्यापुरती नसावी. किती वेळ आणि कसे धरले होते, हे पोलिसांनी डॉक्टरांना सांगावे. नातेवाइकांनी सिकलसेलचे कार्ड आणि चालू औषधे दाखवावीत. मराठी नीट न येणाऱ्याला त्याच्या भिली किंवा पावरी बोलीत कोणीतरी विचारावे, ‘काय होतंय?’