चिलापीचे नर आणि वाय गुणसूत्र

उजनी जलाशयातून भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतील मासा असून त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये श्रीलंकेतून भारतात आणली गेली. कळव्याच्या खाडीतल्यासारख्या मचूळ पाण्यातही तग धरणारी ही जात इतक्या झपाट्याने वाढली, की १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. मादी अवघ्या दोन-तीन महिन्यांत वयात येते, अंडी व पिल्ले तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. त्यामुळे तळे लहानग्या, खुरटलेल्या माशांनी भरून जाते आणि मत्स्यपालकाला विकण्याजोगा मासा मिळत नाही. नर मात्र अंड्यांवर शक्ती खर्च करत नसल्याने मोठा होतो, म्हणून केवळ नरांचे बीज ही या व्यवसायाची जुनी मागणी आहे.

ती पुरवण्याचा रूढ मार्ग म्हणजे जिऱ्यांना, अर्थात नुकत्याच खाऊ लागलेल्या पिल्लांना, तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळलेले खाद्य देणे. जनुकीय मार्ग अधिक चतुर आहे. नाईल तिलापियात माणसाप्रमाणेच मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय असतो. एक्सवाय पिल्लांना स्त्रीसंप्रेरक देऊन मादी बनवले आणि तिची सामान्य नराशी जोडी लावली, तर संततीतील सुमारे एक चतुर्थांश मासे वायवाय, म्हणजे ‘महानर’, निघतात. ते दिसायला इतर नरांसारखेच असल्याने संतती तपासूनच ओळखावे लागतात, हे यातले सर्वांत वेळखाऊ काम होय. अशा महानराची साध्या मादीपासून होणारी सगळी पिल्ले तत्त्वतः नर असतात आणि ताटात येणाऱ्या माशाला संप्रेरकाचा स्पर्शही झालेला नसतो.

‘तत्त्वतः’ हा शब्द येथे सोडता येत नाही. वाय गुणसूत्रावरील एएमएच या जनुकाची वेगळी प्रत नरत्वाची सुरुवात करते, असे चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. परंतु काही वाणांत लिंगनिश्चितीचे स्थान दुसऱ्याच गुणसूत्रावर आढळते. त्याच कुळातील निळ्या तिलापियात तर व्यवस्था उलटी असून तेथे मादी झेडडब्ल्यू आणि नर झेडझेड असतो. शिवाय पिल्ले कोवळी असताना पाण्याचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले, तर अँड्रोजेनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे अ‍ॅरोमॅटेज हे विकर मंदावते आणि काही एक्सएक्स पिल्लेही नर होतात. असा उष्णतेने घडलेला नर नकळत बीजकेंद्रात वापरला गेला, तर त्याच्याजवळ वाय नसल्याने संतती मुख्यतः मादीच निघते. नरांचे बीज देऊ पाहणाऱ्याच्या पदरी नेमके नको तेच येते.

भारतात तिलापियापालनाची परवानगी एकलिंगी नर किंवा वांझ माशांपुरती दिली जाते. या अटीमागील हिशेब बंदिस्त तळ्यापुरता बरोबर आहे. पण वायवाय बापाचे नर पुत्र वांझ नसतात, ते पूर्ण प्रजननक्षम असतात, आणि नाईल व मोझांबिक या जाती एकमेकींशी संकरही करतात. पुरात बांध फुटून हे नर उजनीसारख्या जलाशयात पोहोचले, तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या चिलापीच्या माद्या त्यांना लगेच भेटतील. केवळ नर सोडल्याने वंश थांबतो हे गृहीतक तेथे लागू पडत नाही.