भिडूंची निवड आणि कोरी वही

मैदानावर दोन बाजू पाडण्याची एक जुनी रीत मराठी मुलुखातील शाळकरी मुलांना कोणी न शिकविताच येते. दोन कर्णधार समोरासमोर उभे राहतात. उरलेले भिडू साधारण सारख्या तोलाच्या जोड्या करतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दूर जातात, कानात गुप्त नावे ठरवितात आणि परत येऊन ती नावे कर्णधारांपुढे ठेवतात. कर्णधार एक नाव मागून घेतो. कोणता भिडू वाट्यास आला ते मागाहून कळते. या साध्या रीतीत वाटपाच्या शास्त्राची तीन तत्त्वे दडलेली आहेत. जोडी लावणे हे मूल्यमापन होय. गुप्त नाव ही निःपक्षपातीपणाची हमी होय. आणि आळीपाळीने मागणे हा न्याय होय. अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताच दहा वर्षांची पोरे दुर्मीळ साधनांच्या वाटणीचा प्रश्न सोडवून मोकळी होतात.

हीच रीत अमेरिकेत मोठ्या माणसांच्या छंदाला येऊन पोहोचली. बेसबॉल हा त्या देशाचा आवडता खेळ. १९६० मध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनमध्ये आपल्या मित्रांसह कागदावरचे बेसबॉल संघ बनविण्याचा एक खेळ सुरू केला, आणि १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहात जमणाऱ्या मंडळींबरोबर त्याला नियमबद्ध रूप दिले. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून हारजीत ठरवायची, असा तो प्रकार. याच छंदाची एक शाखा इतिहासात शिरते. तीत आजच्या नव्हे, तर सर्व काळच्या खेळाडूंची निवड होते. १९२० च्या सुमारास गाजलेला बेब रूथ आणि त्यानंतर अर्धशतकाने खेळलेला एखादा गडी एकाच संघात येतात, आणि फासे, पत्ते व आकडे यांच्या आधारे सामने खेळले जातात.

निवडीच्या या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. सहा जण संघ बनवीत असतील तर पहिल्या फेरीत ते एकापासून सहापर्यंत क्रमाने निवड करतात. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा होतो. म्हणजे ज्याला पहिला मान मिळाला त्याला दुसरा खेळाडू थेट बाराव्या पाळीला मिळतो, आणि जो सहावा होता तो लागोपाठ दोन खेळाडू घेऊन जातो. लिलावात ज्याची थैली जड त्याचे फावते. येथे सर्वांची थैली सारखीच, कारण ती पैशांची नसून पाळीची असते. पाळी एकदा खर्ची पडली की परत येत नाही. एक खेळाडू घेणे म्हणजे त्याच क्षणी दुसऱ्यावर पाणी सोडणे. संधित्यागाचा खर्च ही संकल्पना विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

या निवडीत नवखा मनुष्य हमखास एक चूक करतो. तो सर्वांत मोठे नाव आधी उचलतो. जाणकार मात्र निराळा हिशेब मांडतो. अमुक खेळाडू किती थोर आहे, एवढेच तो पाहत नाही. त्याला सोडले तर त्याच जागेसाठी पुढच्या पाळीला कोण उरेल, हे तो पाहतो. ज्या जागेसाठी उत्तम माणसे पुष्कळ आहेत, तेथे थांबता येते. जेथे उत्तम माणूस एखादाच आहे, तेथे थांबणे महागात पडते. पाणी हिऱ्याहून उपयुक्त असूनही हिरा महाग का, या जुन्या कोड्याचे उत्तरही याच विचारात आहे. किंमत ठरते ती शेवटच्या मात्रेच्या उपयोगावरून आणि दुर्मीळतेवरून.

आता हाच खेळ आपल्या मातीतल्या खो-खोला लावून पाहावा. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. साठ-पासष्ट वर्षांच्या राष्ट्रीय स्पर्धांचा हा साठा आहे. सार्वकालिक संघ निवडायचा म्हटला तर नावांची वाण नाही. १९७० मध्ये सुधीर परब यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, १९७१ मध्ये अचला देवरे यांना, १९७३ मध्ये भावना परीख यांना, १९७४ मध्ये नीलिमा सारोळकर यांना आणि १९७५ मध्ये श्रीरंग इनामदार यांना. पुढे १९८१ मध्ये सुषमा सारोळकर आणि १९९८ मध्ये शोभा नारायण यांची नावे त्या यादीत आली. त्यानंतर बावीस वर्षे खो-खोला हा पुरस्कार मिळाला नाही. तो २०२० मध्ये मिळाला आणि मिळविणारी खेळाडू होती उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची, सारिका काळे.

संघ बांधण्याचे गणितही खो-खोत बेसबॉलइतकेच रंजक आहे. बारा जणांच्या संघातील नऊ जण मैदानात उतरतात. पाठलागाच्या वेळी आठ जण पाटीवर बसतात आणि नववा धावतो. संरक्षणाच्या वेळी तेच खेळाडू तिघा-तिघांच्या तुकडीने आत येतात. म्हणून केवळ पळण्यात तरबेज अशा नऊ जणांचा संघ पाठलागात लंगडा पडतो, आणि केवळ सूर मारून गडी टिपणाऱ्यांचा संघ संरक्षणात कोसळतो. पहिल्या तुकडीत कोण उतरेल, खांबाजवळच्या पाटीवर कोण बसेल, ताज्या दमाच्या आक्रमकांना कोण झुलवीत ठेवील, या प्रत्येक जागेची दुर्मीळता वेगळी. एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही, या नियमामुळे नुसता वेग पुरत नाही, खो देण्याची अचूक वेळ साधावी लागते. पाटीवर बसलेला सर्वांत मंद गडी ही संपूर्ण साखळीची मर्यादा ठरते. असा सर्वांगांनी खेळणारा खेळाडू मिळाला तर त्यासाठी पहिली पाळी खर्च करावी, असे कोणताही सुज्ञ संघनायक म्हणेल.

परंतु येथेच गाडे अडते. बेसबॉलचा छंद चालतो तो वहीच्या जोरावर. त्या खेळात एकोणिसाव्या शतकापासून प्रत्येक सामन्याचे गुणपत्रक वृत्तपत्रांत छापले जात आले. शंभर वर्षांपूर्वी एखाद्याने किती वेळा चेंडू टोलविला, किती वेळा तो बाद झाला, हे आजचा विद्यार्थी घरबसल्या सांगू शकतो. खो-खोतही मोजण्याजोगे पुष्कळ आहे. कोणी किती मिनिटे व किती सेकंद पळती केली, कोणी किती गडी बाद केले, हे प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकात लिहिले जाते आणि जिल्हा आवृत्तीच्या कोपऱ्यातील बातमीत कंसात छापूनही येते. मात्र स्पर्धा संपली की ते पत्रक कोठे जाते? कोणा क्रीडाशिक्षकाच्या पेटीत, कोणा मंडळाच्या कपाटात, आणि बहुधा रद्दीत. परिणामी आपली सार्वकालिक निवड पुरस्कारांच्या यादीवर आणि जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींवर येऊन थांबते. ज्यांना पुरस्कार मिळाले त्या थोर होत्याच. पण ज्यांना मिळाले नाहीत त्या थोर नव्हत्या, असे सिद्ध करणारे एकही पान कोणाजवळ नाही.

वहीत नाव नसणे म्हणजे काय, याचा धडाही अमेरिकेनेच दिला आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या बेसबॉल संघांची दारे बंद होती. त्यांनी स्वतःचे संघ आणि स्वतःच्या स्पर्धा उभारल्या. त्यांतील जॉश गिब्सन हा फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनने ती बंद दारे उघडली. गिब्सनचे नाव कित्येक दशके दंतकथेप्रमाणे सांगितले गेले, परंतु अधिकृत विक्रमांत त्याला जागा नव्हती. अभ्यासकांनी जुन्या वृत्तपत्रांतून एकेक गुणपत्रक वेचले. डिसेंबर २०२० मध्ये त्या स्पर्धांना मोठ्या स्पर्धांचा दर्जा देण्यात आला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत विक्रमांत मिसळले गेले. तेव्हा काय झाले? टाय कॉब याची हजारी ३६७ ही कारकिर्दीची सरासरी, जी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या स्थानी होती, ती दुसऱ्या स्थानी गेली आणि हजारी ३७२ या सरासरीने गिब्सन पहिला आला. मरणानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच्या खेळात काही भर पडली नव्हती. भर पडली होती ती वहीत.

धाराशिव जिल्ह्याला हा धडा विशेष लागू पडतो. २०१८ मध्ये निती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली, तीत या जिल्ह्याचा समावेश झाला. पाऊस बेभरवशाचा, उद्योग थोडे. अशा जिल्ह्यात खो-खो का फोफावला, याचे एक उत्तर अर्थशास्त्राकडे आहे. ज्या खेळाला भांडवल कमी आणि श्रम अधिक लागतात, तो भांडवल कमी असलेल्या ठिकाणी टिकतो. दोन खांब, आखणीसाठी चुना आणि सपाट जमीन, एवढेच या खेळाचे साहित्य. दुसरे उत्तर माणसांकडे आहे. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी येथे मुलींना मैदानावर आणले आणि टिकवून धरले. त्या परंपरेतून सारिका काळे पुढे आल्या. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. सुमारे दहा वर्षे आपल्या घरी दिवसातून एकदाच जेवण होत असे, असे त्यांनी अर्जुन पुरस्काराच्या वेळी सांगितले होते. तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी मिळाल्यावर दिवस पालटले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरविले. त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

मात्र या मुलींच्या वाट्याला खराखुरा ड्राफ्ट आला नाही. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुरू झाली. तेथे खेळाडूंचा लिलाव झाला नाही. प्रतवारी लावून, प्रत्येक प्रतीचे मानधन आधी ठरवून, सहा संघांनी पाळीपाळीने निवड केली. पद्धत रास्त होती. पहिला अंतिम सामना ओडिशाने तेलुगू संघावर अवघ्या एका गुणाने जिंकला, यावरून वाटणी समतोल झाली असे म्हणण्यासही जागा आहे. पण या निवडीत मुलींचे नाव पुकारले गेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या कटकच्या दुसऱ्या हंगामातही महिलांचे संघ नव्हते. ज्या जिल्ह्याची ओळख मुलींच्या खेळाने घडली, त्याची सर्वोत्तम गुणसंपत्ती बाजाराच्या दारातच अडली. बाजारात न आलेल्या वस्तूला भाव नसतो, याचा अर्थ तिला मूल्य नसते असा नव्हे. घरकामाचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत म्हणून ते श्रम नाहीत, असे कोणता अर्थशास्त्रज्ञ म्हणेल?

कोणी म्हणेल की खेळ संपला, टाळ्या वाजल्या, आता आकड्यांच्या जंजाळात कशाला शिरायचे? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. मातीवरचा खेळ आणि गादीवरचा खेळ, जुनी वेळ आणि नवी वेळ, साधा पाठलाग आणि नव्या नियमांतील कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वजीर’, यांची तुलना सरळ होत नाही. आकडे गुणवत्तेचा शेवटचा निवाडा देऊ शकत नाहीत. पण जेथे आकडेच नाहीत तेथे निवाडा वशिल्याकडे जातो. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागेवर हक्क सांगणाऱ्या मुलीला प्रमाणपत्र पुढे करावे लागते आणि त्याची पडताळणी होते. पडताळणी कशावरून करायची? स्पर्धेच्या मूळ नोंदीवरून. नोंद हरवली तर खऱ्या खेळाडूचा हक्क बुडतो आणि खोट्या कागदाला वाट मिळते. ज्या घरात एकवेळच्या जेवणावर दिवस निघतात, तेथे एक जुने गुणपत्रक म्हणजे एका नोकरीचा पाया असू शकतो.

उपाय खर्चिक नाही. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने आणि मंडळाने आपापल्या कपाटातील गुणपत्रके, निकालपत्रे व छायाचित्रे बाहेर काढावीत. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून त्यांची तारीखवार सूची करवून घ्यावी. ग्रंथालयांनी जुन्या वृत्तपत्रांचे अंक त्यासाठी खुले करावेत. शिक्षकाजवळ आठवण आहे, कारकुनाजवळ नोंदवहीची शिस्त आहे, विद्यार्थ्याजवळ वेळ आणि यंत्र आहे. या तिघांची सांगड घातली तर दोन-तीन वर्षांत धाराशिवच्या खो-खोची विश्वसनीय वही उभी राहू शकेल. मग एखाद्या सुटीच्या दिवशी चार मित्रांनी बसून सार्वकालिक संघ खुशाल निवडावा, पहिली पाळी कोणाची यावरून भांडावे, आणि पुरस्कार न मिळालेल्या एखाद्या मुलीचे नाव आकड्यांच्या आधाराने पहिल्याच फेरीत पुकारावे. आज ते नाव घेणारा मनुष्य भाबडा ठरतो, कारण त्याच्या हातात पुरावा नाही. तो पुरावा कोठल्या तरी पेटीत अजून असेल, तर तो वाळवीच्या आधी माणसाच्या हाती लागला पाहिजे.