देव अडतो तिथे

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागले की ५० किलोमीटरच्या आसपास रांजणगाव येते. शिरूर तालुक्यातल्या या गावाला आता एमआयडीसीचा शेजार आहे, पण अष्टविनायकाची यात्रा करणारा इथे उतरतो तो महागणपतीसाठी. इथली कथा त्रिपुरासुराची. गृत्समद ऋषीच्या या मुलाने गणपतीची आराधना करून सोने, रूपे आणि लोखंडाची तीन पुरे मिळवली आणि तिन्ही लोकांना सळो की पळो करून सोडले. शंकर त्याच्यावर चालून गेला, आणि हरला. युद्धाला निघताना तुम्ही गणपतीला वंदन केले नव्हते, हे नारदाने लक्षात आणून दिले. शंकराने गणपतीला आळवले, आणि मग एका बाणात तिन्ही पुरे कोसळली. जिथे शंकराला असे थांबावे लागले, ते रांजणगाव.

ही कथा इथे संपत नाही. युद्धानंतर शंकर सह्याद्रीच्या माथ्यावर विसावला, त्याच्या अंगाचा घाम वाहू लागला आणि त्याची भीमा झाली, असे भीमाशंकरला सांगतात. तीच भीमा कोरेगावाजवळून शिरूर तालुक्याच्या कडेने खाली येते आणि दौंड शहराला वळसा घालून पुढे जाते. दौंड तालुक्यातल्या शिरापूरच्या समोर, पैलतीरावर, सिद्धटेक आहे. तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा नगर). पण पिढ्यान्‌पिढ्या भाविक दौंडला रेल्वेतून उतरून, शिरापूरहून होडीने नदी ओलांडून तिथे जात आले. सिद्धटेकची कथा विष्णूची. मधू आणि कैटभ हे दैत्य त्याच्याच कानातून जन्मले. विष्णू त्यांच्याशी वर्षानुवर्षे लढला, पण ते आवरेनात. शेवटी शंकराच्या सांगण्यावरून त्याने या टेकडीवर गणपतीचे तप केले. सिद्धी मिळाली, तेव्हा दैत्य मेले. आणखी खाली, इंदापूर तालुक्यात नीरा जिथे भीमेला मिळते तिथे नरसिंहपूर आहे. तिथली नरसिंहाची वालुकामूर्ती प्रल्हादाने घडवली असे मानतात.

एका नदीकाठी एवढी पुराणे आहेत, आणि प्रत्येकाला गाव, घाट, पत्ता आहे. रांजणगाव आणि सिद्धटेक या दोन्ही कथांचा गाभाही एकच आहे: मोठा देव अडतो. त्याच्याकडे शस्त्र आहे, बळ आहे, तरी त्याला हात जोडून बसावे लागते. देऊळ उभे राहिले ते जिंकल्या जागी नाही, अडल्या जागी. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले पौराणिक ॲनिमेशनपट पाहताना मला पुन्हापुन्हा या गोष्टीची उणीव जाणवते.

सुरुवात मात्र उत्तम झाली होती. जपानी दिग्दर्शक युगो साको उत्खननावरच्या माहितीपटासाठी भारतात आले आणि रामायणात गुंतले. देवपण माणसाच्या, नटाच्या चेहऱ्यात मावणार नाही, ते रेखाटावेच लागेल, अशी त्यांची धारणा होती. देवांचे कार्टून होणार या शंकेने आपल्या सरकारी यंत्रणेने हात आखडता घेतला. तरीही राम मोहन यांच्यासारखा कसलेला भारतीय ॲनिमेटर सोबत घेऊन साको यांनी १९९२ मध्ये ‘रामायण: द लिजंड ऑफ प्रिन्स राम’ पुरा केला. लांबी १३५ मिनिटे. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर हा हिशेब १,९४,४०० चौकटींवर जातो. एक चित्र दोन चौकटी टिकवले तरी लाखाच्या जवळपास चित्रे, आणि तीही हाताने काढलेली. त्यातली अरण्ये, पाण्यावरचा उजेड, वाऱ्याने हलणारी पाने आजही डोळ्यांत राहतात, कारण तिथे कॅमेरा थांबतो. नवी झळाळी देऊन तो जानेवारी २०२५ मध्ये आपल्या चित्रपटगृहांत आला, तेव्हा ३० वर्षांपूर्वीच्या त्या कष्टांना उशिरा का होईना न्याय मिळाला.

२००५ चा ‘हनुमान’ मराठी वाचकाने अभिमानाने आठवावा असा आहे. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी तो दिग्दर्शित केला आणि देशी पौराणिक ॲनिमेशनपट तिकीटबारीवर चालतो हे दाखवून दिले. मग रांग लागली: ‘कृष्णा’, ‘बालगणेश’, ‘घटोत्कच’, ‘दशावतार’. यातल्या बऱ्याच चित्रपटांनी देवाला लहान मूल केले. खोड्या, गाणी, लाडू-मोदक. मुलांना ते आवडले, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्यापुढे शंकर आणि विष्णू हात जोडून बसतात तो महागणपती त्या गोंडस बाळात उरत नाही. रांजणगावच्या रांगेत तासभर उभे राहिलेले मूल ज्या देवासमोर येते, तो वेगळा आहे.

२०२५ च्या ‘महावतार नरसिंह’ने हे बाळरूप मोडले. अश्विन कुमार यांच्या या चित्रपटाने ३०० कोटींहून अधिक कमाई केली, आणि लोक पायातल्या चपला काढून तो पाहायला बसल्याच्या बातम्या आल्या. उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, मांडीवर, नखांनी. दैत्याला मिळालेल्या वराच्या अटी एकेक करून पुऱ्या होतात तो प्रसंग ॲनिमेशनशिवाय इतक्या ताकदीने साधला नसता. चित्रपट प्रदर्शित झाला तो हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांत. ज्यांचे कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचे, त्या घरांतल्या मुलांनी आपला नरसिंह हिंदीत ऐकला. हे मला मनापासून लागते.

कारण चित्रांच्या मालिकेतून पुराण सांगण्याचा धंदा आपल्याकडे जुनाच आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी घेऊन बसतात. चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक चित्र उभे धरतो, वाद्याच्या साथीवर त्यातला प्रसंग गातो-बोलतो, मग चित्र उलटतो किंवा पुढचे घेतो. दोन चित्रांमधली हालचाल त्याचा आवाज भरून काढतो. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. दादासाहेब फाळके तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचे रोप उगवताना चौकट-चौकट टिपत बसले होते. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्यांना नाचवले. प्रभात फिल्म कंपनीनेही १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. हात आपले, कथा आपल्या, प्रेक्षकही आपलेच. मग मोठा मराठी पौराणिक ॲनिमेशनपट का नसावा?

त्रिपुराचीच कथा घ्या. महाभारतातल्या कर्णपर्वात ती वेगळी येते. तिथे सोन्याचे पूर स्वर्गात, रुप्याचे अंतरिक्षात, लोखंडाचे पृथ्वीवर. तिन्ही फिरत राहतात आणि हजार वर्षांनी एकदा एका रेषेत येतात. पृथ्वी शंकराचा रथ झालेली, सारथी ब्रह्मदेव, बाणात विष्णू. एवढे भव्य दृश्य आज संगणकावर उभे करणे कुणालाही जमेल. अवघड आहे ती रांजणगावची भर. सगळे सज्ज आहे, रथ निघाला आहे, आणि बाण लागत नाही. शंकराचा चेहरा त्या वेळी कसा काढायचा? राग, नवल, की शरम? नारद बोलतो तेव्हा तो ऐकून घेताना मान खाली घालतो का? चित्रकाराची खरी परीक्षा त्या दोन मिनिटांत आहे, आणि ती घाईच्या संकलनात हरवते.

त्यासाठी पटकथा ग्रंथालयातून सुरू होऊन चालणार नाही. गणेशपुराण हाताशी असावेच. पण रांजणगावचे पुजारी, सिद्धटेकला प्रदक्षिणा घालणारे म्हातारे, शिरापूरच्या ज्या घरांनी होड्या चालवल्या ती माणसे, या पट्ट्यातले कीर्तनकार यांच्या तोंडून या कथा आधी ध्वनिमुद्रित करायला हव्यात. प्रत्येकाचा त्रिपुर थोडा निराळा निघेल. कुणी नारदाला आधी आणेल, कुणी शंकराला जास्त वेळ बसवून ठेवेल. हे सगळे पाठ शेजारी-शेजारी मांडून मग पहिले चित्र काढावे. पुण्या-मुंबईत ॲनिमेशन शिकवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना शिरूर-दौंड एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. एखाद्या संस्थेने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून भीमाशंकर ते नरसिंहपूर एवढी नदी घ्यावी आणि दहा मिनिटांचा, मराठी आवाजाचा, फक्त शंकराच्या अडण्यावरचा एक लघुपट करून दाखवावा.